स्ट्रॉबेरीला ठिबक रोज एक तास: जास्त होतंय की कमी?

माचीवरचा | ६ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे द्राक्ष-डाळिंबावर रग्गड धागे आहेत, स्ट्रॉबेरीवर शोधून एकही सापडला नाही. म्हणून हा काढतोय.

पाचगणीच्या वरच्या अंगाला आमची वीस गुंठे स्ट्रॉबेरी आहे. दोन टप्पे. खालचा टप्पा वरच्यापेक्षा पंधराएक फूट खाली. विहीर त्याच्याही खाली, ओढ्याकडेला. मोटर ३ एचपीची. सप्टेंबरअखेर लागवड, बहुतेक विंटर डॉन जातीची, चार ओळी स्वीट चार्लीच्या. गादीवाफे, मल्चिंग पेपर, प्रत्येक वाफ्यावर दोन लॅटरल (ठिबकच्या नळ्या), फूटभरावर ड्रिपर, ताशी दोन लिटरचा.

डिसेंबरपर्यंत वडील रोज चाळीस मिनिटं पाणी सोडायचे. नाताळाच्या सुमारास वरच्या टप्प्यातल्या शेवटच्या वाफ्यांवरची रोपं दुपारी माना टाकायला लागली म्हणून मी एक तास केला. ती अजूनही माना टाकतात. आणि आता खालच्या टप्प्यात रोपं मरतायत. आधी बाहेरची पानं लालसर होतात, मग रोप बसतं. आजवर साठ-सत्तर गेली. फळ दिसायला मोठं आहे पण पाणचट, पनेट (फळाची प्लास्टिकची डबी) भरल्यावर दुसऱ्या दिवशी तळाला ओल सुटते. पुण्याच्या व्यापाऱ्याने कालच ऐकवलं.

शेजारी म्हणतात सव्वा तास कर. दुकानदार म्हणतो बुरशीनाशक सोड. वडील म्हणतात, मी देत होतो तेव्हा बरं होतं.

माझा साधा प्रश्न: रोज किती वेळ ठिबक चालवायचं?

चकली | ६ जानेवारी, रात्री १०:२०

पहिला नंबर! स्ट्रॉबेरीतलं फक्त क्रीम कळतं, पण रुमाल टाकून ठेवते.

टपरीवाला | ६ जानेवारी, रात्री १०:३१

वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यातून पाण्याचा प्रश्न आलेला बघून मराठवाड्यातला माणूस म्हणून डोळे पाणावले. चला, तेवढंच पाणी.

लालमाती | ६ जानेवारी, रात्री ११:०५

टपरीवाले, तो पाऊस जून ते सप्टेंबर पडतो आणि आमच्या डोंगरावरून उतरून खाली निघून जातो. मार्चमध्ये इथले झरे आटले की वरच्या गावांना टँकर लागतो. एकदा येऊन बघा.

माचीवरचा, वेळेत बोलू नका. "एक तास" म्हणजे काहीच नाही. माझा एक तास आणि तुमचा एक तास यात दुपटीचा फरक असू शकतो. रोपाला किती लिटर पडतंय ते सांगा, मग बोलू.

पाणक्या | ७ जानेवारी, सकाळी ८:४०

लालमाती बरोबर बोलतायत. मी शेतकरी नाही, पाणी मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे (शब्दशः), तर आकडेमोड करून देतो.

गुंठ्यावर १ मिमी पाणी म्हणजे साधारण १०१ लिटर. वीस गुंठ्यांना १ मिमी म्हणजे २,०२० लिटर धरा. तुमच्याकडे जानेवारीत हवा दिवसाला साडेतीन-चार मिमी पाणी ओढत असेल, ४ धरू. पूर्ण वाढलेल्या स्ट्रॉबेरीचा पीक गुणांक (हवेच्या ओढीपैकी पिकाला लागणारा वाटा) ०.८५, हा जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतला. म्हणजे गरज ३.४ मिमी, वीस गुंठ्यांना सुमारे ६,९०० लिटर. मल्चिंग असल्यामुळे खरं तर याहून थोडं कमीच लागेल.

आता तुम्ही किती देताय? वाफे चार फुटांवर असतील तर वीस गुंठ्यांत वाफ्यांची लांबी सुमारे १,६८० मीटर, दोन लॅटरल म्हणजे ३,३६० मीटर, फुटाला ड्रिपर म्हणजे ११,००० च्या आसपास. गुणिले दोन लिटर, तासाला २२,००० लिटर. गरज सात हजारांची, देताय बावीस हजार. तिप्पट!

तुमचं उत्तर एक तास नाही, १९ मिनिटं आहे.

चकली | ७ जानेवारी, सकाळी ८:५२

एकोणीस. वीस नाही. पाणक्यांचा घरचा चहा पण असाच मोजून मिळतो का?

आबा_वाई | ७ जानेवारी, दुपारी १:३०

पाणक्यासाहेब, हिशेब झकास, पण एक विचारू का? ३ एचपीची मोटर ओढ्यातनं चढ चढून तासाला बावीस हजार लिटर देती का? माझी ५ ची असून सपाटीवर कशीबशी देती.

आणि बाळा माचीवरच्या, तू दोन्ही टप्प्यांचे व्हॉल्व्ह एकदम उघडतोस का पाळीपाळीनं? आधी ते सांग.

माचीवरचा | ७ जानेवारी, रात्री ९:१८

आबा, एकदम उघडतो. लाईटची भानगड आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत थंडीत दोनदा कोण खाली-वर करणार? त्यात गेल्या महिन्यापासून गव्यांचा कळप ओढ्याला उतरतो. बॅटरी मारली की दगडासारखे उभे राहून आपल्याकडेच बघत बसतात. एकदा व्हॉल्व्ह उघडला की मी घरात.

पाणक्या | ७ जानेवारी, रात्री ९:४०

आबा, विकेट काढलीत. मोटर विचारात घेतलीच नाही. एवढा चढ, फिल्टर आणि पाइपमधलं घर्षण धरलं तर ३ एचपी तासाला १३-१४ हजार लिटरच्या वर जाणं अवघड. म्हणजे ड्रिपरवर दोन लिटर लिहिलंय म्हणून दोन लिटर पडत असेलच असं नाही. दाब पुरला नाही की तो दीडवर येतो, एकवर येतो. आणि दोन टप्पे एकदम चालू असतील तर खालच्याला जास्त, वरच्याला कमी.

कागद बाजूला ठेवा. पेला घ्या. ड्रिपरखाली थोडी माती उकरून पेला बसवा, बरोबर १५ मिनिटं पाणी धरा. दोन लिटरचा ड्रिपर असेल तर ५०० मिली भरलं पाहिजे. दोन्ही टप्प्यांत, वाफ्याच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी. निदान बारा जागा.

निशिगंधा | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

पेला लावाच, पण त्याआधी खालच्या टप्प्यातलं एक मरायला टेकलेलं रोप उपटून खोड उभं चिरून बघा. आत पांढरं-हिरवट असेल तर ठीक. तांबूस-तपकिरी पट्टा दिसला तर खोडकूज. मुळं बोटात धरून ओढा. वरची साल निघून आत दोऱ्यासारखी शीर उरली तर मूळकूज. मी कृषी पदवीनंतर तीन वर्षं याच पट्ट्यात काम केलं. दर जानेवारीत हाच प्रकार बघितलाय, आणि दर वेळी शेतकऱ्याने आधी पाणी वाढवलेलं असतं.

कारण असं की, मुळं कुजली की रोपाला पाणी ओढता येत नाही, मग दुपारी ते मान टाकतं. मान टाकलेलं रोप तहानलेलं आहे असं वाटून आपण आणखी पाणी देतो. बुडणाऱ्याला पाणी पाजण्यातला प्रकार. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-एक फुटातच असतात. तिथली हवा गेली की खेळ खलास.

बुरशीनाशक आत्ता सोडू नका असं म्हणत नाही, पण चिखलात सोडलेलं औषध म्हणजे पैसे ओढ्यात.

जुई_के | ८ जानेवारी, सकाळी ११:०२

मधेच घुसते, सॉरी. माझ्या गच्चीत सहा कुंड्या आहेत, महाबळेश्वरहून आणलेल्या रोपांच्या. रोज सकाळी एक मग घालते. पानं छान, फळ एकच आलं, तेही खारीने खाल्लं. पाणी जास्त होतंय का?

टपरीवाला | ८ जानेवारी, सकाळी ११:१०

जुईताई, खारीला विचारा पाणचट होतं का. तिने खाल्लं म्हणजे गोडी बरी असावी.

लालमाती | ८ जानेवारी, दुपारी ३:२५

जुईताई, मगाने मोजू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर त्या दिवशी सुट्टी. कुंडीखाली ताटली असेल तर ती काढा. आणि खोडाचा मधला कोंब मातीत गाडला गेला असेल तर तो मोकळा करा.

आबा_वाई | ८ जानेवारी, रात्री ८:५०

बोट घाला म्हणालात, बरं वाटलं. आमच्या वेळी बोट आणि मूठ हीच यंत्रं. मल्चिंग पेपर नव्हता तेव्हा वाफ्यावर भाताचा पेंढा नाहीतर गवत अंथरायचो, फळाला माती लागू नये म्हणून. पाणी पाटानं, दारं मोडत. नवीन रोपाला झारीनं. सहा-सात दिवसाआड पाळी. फळ लहान यायचं, पण वासानं जीपगाडी भरून जायची. आता फळ अंड्याएवढं आणि वास पेटीच्या कागदाला!

मुठीचं सांगतो. वाफ्यात चार बोटं खालची माती मुठीत दाबायची. पाणी निथळलं तर जास्त झालं. गोळा झालाच नाही तर कमी. गोळा होऊन बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा. वाफशावर पीक हलत नाही.

आणि गोडीचं म्हणाल तर फळ लाल व्हायला लागलं की पाणी आवळायचं. ताण दिल्याशिवाय साखर भरत नाही. द्राक्षाला देता, मग हिला का नाही?

निशिगंधा | ८ जानेवारी, रात्री ९:३०

आबा, वाफशाला पूर्ण पाठिंबा, ताणाला नाही. द्राक्षाचा बाग सगळा एका वेळी पिकतो. स्ट्रॉबेरीच्या एकाच रोपावर आज फूल, कोवळं हिरवं फळ, पांढरं फळ आणि लाल फळ एकत्र असतं. लालसाठी ताण दिलात की हिरव्याची फुगवण गेली, फुलाची सेटिंग गेली. आजच्या तोड्याला गोडी, पुढच्या तोड्याला गोट्या. शिवाय कोरड्या गरम हवेत ताणलेल्या रोपावर लाल कोळी असा पसरतो की बोलायची सोय नाही.

जादा पाणी कमी करणं आणि ताण देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आबा_वाई | ८ जानेवारी, रात्री ९:४८

पोरी, पन्नास वर्षं स्ट्रॉबेरी खातोय. ताणाची गोड लागती.

निशिगंधा | ८ जानेवारी, रात्री ९:५५

लागते हो आबा, नाही म्हणतच नाही. वजनाने विकून बघा म्हणतेय.

सॅलिनासकर | ९ जानेवारी, सकाळी १०:४०

कॅलिफोर्नियातून. सॅलिनास आणि वॉटसनविल या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीच स्ट्रॉबेरी. मी संगणकवाला, पण गेली चार वर्षं एका शेती-सेन्सरच्या कामात आहे, म्हणून लिहितो.

इकडे उन्हाळाभर पाऊस जवळपास नाहीच, सगळं ठिबकवर. लागवड झाल्यावर पहिले काही आठवडे तुषार वापरतात, रोप रुजायला आणि वरच्या थरातला क्षार खाली ढकलायला. मग तुषार बंद, फक्त ठिबक. वाफ्यात साधारण सहा इंच खोल टेन्शिओमीटर बसवतात, म्हणजे मातीतला ओलावा दाखवणारा मापक; काटा जितका वर, तितकी माती कोरडी. काटा १० सेंटीबारच्या खाली असेल तर पाणी नको, २० च्या पुढे जायला लागला की द्यायचं. आबांची मूठच ती, फक्त काचेत घातलेली.

पण इकडची खरी डोकेदुखी क्षार. समुद्राजवळच्या विहिरींतून इतका उपसा झाला की खारं पाणी आत शिरलं. म्हणून सॅलिनास खोऱ्यात १९९८ पासून आणि वॉटसनविलला २००९ पासून शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतात. हो, स्ट्रॉबेरीलासुद्धा. स्ट्रॉबेरी क्षाराच्या बाबतीत भलती नाजूक. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता (क्षार मोजायचं माप) मीटरला १ डेसिसायमनच्या वर गेली की उत्पादन उतरायला लागतं. इतर बरीच पिकं दोन-तीन सहज सोसतात. पाणी कमी करताना हे लक्षात ठेवा: बोअरचं खारट पाणी अगदी मोजून दिलंत तर मीठ मुळांतच साठतं.

चकली | ९ जानेवारी, सकाळी १०:५८

सांडपाणी वाचलं आणि क्रीमसकट बाऊल खाली ठेवला.

सॅलिनासकर | ९ जानेवारी, सकाळी ११:०६

उचला परत. तीन टप्प्यांत शुद्ध करून निर्जंतुक केलेलं असतं. आपल्याकडच्या किती ओढ्यांबद्दल असं म्हणता येईल?

लालमाती | ९ जानेवारी, रात्री ८:१५

आमच्याकडे क्षाराचा त्रास फारसा नाही. तांबडी माती, झऱ्याचं मऊ पाणी, दर पावसाळ्यात जमीन धुऊन निघते. वाई-कोरेगावच्या काळ्या रानात बोअरवर लावणाऱ्यांनी मात्र सॅलिनासकरांचं वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

आमचा शत्रू लोह. जांभ्यातून पाझरलेलं पाणी विहिरीत काचेसारखं दिसतं, हवा लागली की तांबूस होतं, आणि नळीत शेवाळागत लाल बुळबुळीत थर धरतं. माचीवरचा, वरच्या टप्प्यातल्या शेवटच्या लॅटरलची एंडकॅप (टोकाचं टोपण) काढा आणि पाणी सोडा. काय रंगाचं येतं ते इथे लिहा. माझी पैज आहे.

सुरगाण्याचा_मास्तर | १० जानेवारी, सकाळी ६:३०

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडून राम राम. आमच्याकडेही आदिवासी शेतकरी बऱ्याच वर्षांपासून स्ट्रॉबेरी लावतात. पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे. विकतात सापुताऱ्याच्या रस्त्यावर टोपल्या मांडून. कित्येकांकडे मोटर नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बांधावर उंचवट्याला टाकी ठेवली, वरच्या झऱ्यातून पाइपने पाणी आणून ती भरतात आणि ठिबक नुसत्या उताराने चालवतात. पहाटे नळ उघडायचा, शाळेला जाताना पोराने बंद करायचा. दाब कमी, पण ओळी आखूड असल्यामुळे सगळीकडे सारखं पडतं. लाईट नाही, गवा नाही. बिबट्या आहे.

पाणक्या | १० जानेवारी, सकाळी ९:००

मास्तर, मानलं. आखूड ओळी हीच त्यातली मेख.

माचीवरचा | ११ जानेवारी, रात्री ८:४५

मंडळी, आज रविवार. दिवसाची लाईट होती. आईच्या मांडणीतले बारा स्टीलचे पेले नेले.

खालचा टप्पा: १५ मिनिटांत सरासरी ४२० मिली. वरचा टप्पा: २२०. वरच्या टप्प्यातल्या शेवटच्या तीन वाफ्यांवर, जिथली रोपं माना टाकतात तिथे: ९०, ११०, आणि एका पेल्यात फक्त तळ ओला.

एंडकॅप काढली. लालमाती, पैज जिंकलात. आधी अर्धा मिनिट गाळ घातलेल्या चहासारखं, मग शेंबडासारखे तांबडे लोंबते तुकडे, मग हळूहळू स्वच्छ. वडील बाजूला उभे होते. म्हणाले, "तीन वर्षं झाली, ही टोपणं आपण कधी काढलीच नाहीत."

खालच्या टप्प्यातलं रोप चिरलं. खोडात तांबूस पट्टा आहे. मल्चिंग उचलून हात घातला तर माती थंड, चिकट आणि आंबूस वास. मुठीतून पाणी निथळलं, आबा.

म्हणजे खाली एक तासाला रोपामागे पावणेदोन लिटर आणि वर शेवटाला जेमतेम चारशे मिली?

पाणक्या | ११ जानेवारी, रात्री ९:०५

अगदी तेच. गरज सहाशे मिलीच्या आसपास. तुमचा एक तास खालच्याला जवळजवळ तिप्पट आणि वरच्या टोकाला अपुरा. सव्वा तास केला असतात तर वरच्या टोकाची पोरं तरी उपाशीच राहिली असती आणि खालची आणखी बुडाली असती.

व्हॉल्व्ह वेगवेगळे चालवा. निम्मे ड्रिपर म्हणजे तासाला ११ हजारांची मागणी, तेवढं मोटर देईल, दोन्हीकडे ड्रिपर पूर्ण दोन लिटरवर येतील. मग दोन्हीकडे वीस मिनिटांच्या आत. जमलं तर दहा-दहा मिनिटांच्या दोन पाळ्या, सकाळी आणि दुपारी बाराच्या आत. उथळ मुळांना थोडं-थोडं पाणी जास्त मानवतं.

लालमाती | ११ जानेवारी, रात्री ९:४०

इथे मात्र अडवतो. उतारावर दोन पाळ्या, चार पाळ्या हे सपाटीचं शहाणपण चालत नाही.

मोटर बंद झाली की नळीतलं पाणी कुठे जातं, कधी बघितलंय? १६ मिमीच्या लॅटरलमध्ये मीटरला दीडशे मिलीच्या आसपास पाणी मावतं. यांच्या सव्वातीन हजार मीटरमध्ये पाचशे लिटर. मोटर बंद झाल्यावर ते सगळं उताराने सरकत सर्वांत खालच्या ड्रिपरांतून पाव-अर्धा तास गळत राहतं. दर बंदला पाचशे लिटर, तेही त्याच त्या खालच्या दोन-चार वाफ्यांवर. दिवसातून दोनदा बंद केलंत की हजार. मी स्वतः हा उद्योग करून खालचे पाच वाफे घालवलेत. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून दिवसातून चारदा पाणी देत होतो.

माचीवरचा, मेलेली रोपं खालच्या टप्प्यात सगळीकडे आहेत की एका बाजूला जास्त?

माचीवरचा | ११ जानेवारी, रात्री ९:५२

ओढ्याकडच्या शेवटच्या चार वाफ्यांत जास्त. साठातली पन्नास तिथलीच. आत्ता वाचून अंगावर काटा आला.

पाणक्या | ११ जानेवारी, रात्री १०:१०

लालमाती, हे माझ्या कागदात कुठेच नव्हतं. दोन पाळ्यांचा सल्ला मागे. आधी प्रत्येक टप्प्याला तळाशी वेगळा व्हॉल्व्ह, म्हणजे वरच्याचं पाणी खालच्यात उतरणार नाही. पुढच्या लागवडीला लॅटरल उताराला आडव्या टाका आणि जमलं तर दाब कमी झाल्यावर आपोआप बंद होणारे न गळणारे ड्रिपर घ्या. महाग आहेत, पण खालच्या टप्प्यापुरते परवडतील.

टपरीवाला | ११ जानेवारी, रात्री १०:१५

पाणक्यांनी सल्ला मागे घेतला. या संकेतस्थळावर आजवर असं घडलेलं नाही. धागा जतन करा.

निशिगंधा | ११ जानेवारी, रात्री १०:३८

मेलेली रोपं मुळासकट काढून शेताबाहेर न्या, ओढ्यात टाकू नका, तेच पाणी परत विहिरीत येतं. त्या चार वाफ्यांना चार-पाच दिवस पाणी पूर्ण बंद. मल्चिंगच्या कडा थोड्या उचलून हवा खेळू द्या. वाफसा आला की मग औषध. आणि दोन वाफ्यांमधली चर खणून ओढ्याकडे मोकळी करा.

लोहासाठी ॲसिड प्रक्रिया करायची तर उभ्या पिकात जपून. आधी एकाच ओळीवर करून बघा. टोकाच्या ड्रिपरला सामू (पीएच) ४ पर्यंत येईल इतपत ॲसिड, मग बंद करून चोवीस तास ठेवायचं, मग एंडकॅपा काढून भरपूर फ्लश. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा. आणि ते पाणी खालच्या आजारी वाफ्यांकडे जाऊ देऊ नका.

लालमाती | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

मी एक सोपी युक्ती केलीय. विहिरीचं पाणी आधी शेततळ्यात सोडतो, तेही दोन फुटांवरून दगडांवर आपटून. हवा लागून लोह तळाशी बसतं, वरचं पाणी ठिबकला घ्यायचं. शेततळं नसेल तर टाकीसुद्धा चालते. फिल्टर दर दोन दिवसांनी धुवायचा, एंडकॅपा दर पंधरवड्याला. विद्राव्य खत सोडून झालं की पाच मिनिटं साधं पाणी. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (स्फुरदाचं खत) एका बादलीत कालवणारे महाभाग अजून आहेत. नळीत चुन्यासारखा न विरघळणारा साका धरतो. मग म्हणायचं ड्रिपर खराब निघाले.

चकली | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

अवांतर: मागे भिलारला, म्हणजे पुस्तकांच्या गावात, एका घरात पुस्तक चाळत बसले होते. काकूंनी न सांगता बशीभर स्ट्रॉबेरी आणून ठेवल्या. वर मीठ-तिखट भुरभुरलेलं. क्रीमचा विचारही मनात आला नाही. आता कळतंय की त्यामागे एवढी प्लंबिंग आहे.

माचीवरचा | ८ फेब्रुवारी, रात्री ९:२०

उशिरा लिहितोय, तोड्याची गडबड होती.

व्हॉल्व्ह वेगळे केले. वर २२ मिनिटं, खाली १७, दिवसातून एकदाच. आता वरच्या पेल्यात ४७०, खाली ४९०. वरच्या शेवटच्या तीन ओळींत दोनदा ॲसिड करून ३८० पर्यंत आलंय, त्याच्या पुढे सरकत नाही. त्या लॅटरल पुढच्या वर्षी बदलणार. रात्रीच्या आठवड्यात पहाटे चारला उठून आधी वरचा, मग खालचा. गवे अजून येतात. मी आता त्यांच्याकडे बघत नाही, ते माझ्याकडे बघतात.

खालची एकूण १४० रोपं गेली. जानेवारीच्या मध्यानंतर नवीन मर जवळपास थांबली. मेलेल्या जागी रनर (जुन्या रोपाच्या धावत्या फांदीवरची पिलं) लावून बघितले, फळाला आता उशीर झालाय, फक्त वाफा उघडा दिसू नये म्हणून.

फळाचा आकार थोडा उतरला. वजनात पहिल्या दोन तोड्यांना फरक पडला, वडील कुरकुरले. पण पनेटच्या तळाला ओल नाही. त्याच व्यापाऱ्याने गेल्या आठवड्यात स्वतःहून फोन करून चार पेट्या जादा मागितल्या. आबा, गोडीसुद्धा वाढली. ताण न देता.

आबा_वाई | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४५

पाणी कमी केलंस म्हणजे ताणच की रे.

निशिगंधा | ८ फेब्रुवारी, रात्री ९:५१

आबा!!

सॅलिनासकर | ९ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

मार्चमध्ये ऊन वाढलं की हा १७-२२ चा आकडा पुरणार नाही, हे विसरू नका. हवेची ओढ पाच-सहा मिमीवर गेली की पुन्हा हिशेब. एक टेन्शिओमीटर खालच्या शेवटच्या वाफ्यात आणि एक वरच्या टोकाला बसवा, मधे बसवून उपयोग नाही.

माचीवरचा | ९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

सांगून ठेवलाय. तोवर दर रविवारी वडीलच पेले लावतात. वहीत लिहितात, मला हात लावू देत नाहीत. काल म्हणाले, चौथ्या वाफ्यातला सातवा ड्रिपर चाळीस मिलीने कमी पडतोय, काय ते बघ.

जुई_के | १० फेब्रुवारी, सकाळी १०:१०

मग बंद केला, बोट सुरू केलं. पाच फळं लागलीत. खारीसाठी काही उपाय?